कोल्हापूरहून समुद्रगुहा पाहायला जाताना : ओहोटी गाठायची कशी

कोल्हापूरहून गुहा बघायला कोकणात निघालेल्या गटांचं बहुतेक वेळा एकच होतं. शनिवारी रात्री बेत ठरतो, रविवारी पहाटे पाचला गाडी सुटते, गगनबावड्याला चहा होतो आणि घाट उतरून मालवणच्या बाजूला पोहोचेपर्यंत दहा-साडेदहा वाजतात. तोवर गुहेच्या तोंडाशी लाटा आपटत असतात. मग गटातलं कुणीतरी म्हणतं, "एवढ्या लांब आलोय, कडेकडेनं जाऊन येऊ." अपघात तिथून सुरू होतो.

माझ्या पहिल्या दोन खेपा अशाच वाया गेल्या. तिसऱ्या खेपेला आम्ही आत गेलो, पण निघायला पाऊण तास उशीर केला आणि माझ्या मावसभावाचा गुडघा खडकाला चिकटलेल्या कालवांच्या (शिंपल्यांच्या) कपऱ्यांनी हाडापर्यंत फाटला. पाणी फक्त मांडीपर्यंत होतं. तेव्हापासून गट घेऊन जाताना मी जो क्रम पाळतो, तो खाली दिला आहे. क्रम बदलू नका. गाडी आणि मुक्काम आधी ठरवून ओहोटी नंतर बघितली, की पुढचं सगळं चुकतं.

१. दिवस निवडा : आधी तिथी, मग सुट्टी

समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. हे चक्र रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढं सरकतं. पौर्णिमा आणि अमावस्येच्या आसपास पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास चढ-उतार कमी असतो, तो भांग. गुहेचं तोंड उघडं पडायला उधाणाची ओहोटी लागते. इथवर बहुतेकांना ठाऊक असतं.

पुढची गोष्ट लक्षात येत नाही. आपल्या कोकण किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावस्येची भरती दुपारी अकरा-बाराच्या सुमारास येते. म्हणजे त्या दिवशीची खोल ओहोटी पहाटे पाच-सहाला आणि संध्याकाळी पाच-सहाला. उलट अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते, पण ती भांगाची, पाणी जेमतेम उतरतं. पहाटे कोल्हापूर सोडून दहा-साडेदहाला पोहोचणाऱ्याला एकतर पूर्ण भरती मिळते, नाहीतर अर्धवट ओहोटी. एका दिवसात जाऊन येणाऱ्यांची गुहा हुकते ती यामुळं.

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा एक सोपा हिशोब आहे. पक्षातल्या तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती पहाटे आणि दुपारी तीनला. ओहोटी त्यापुढं सव्वासहा तासांनी, सकाळी सव्वानऊला. द्वितीयेला हीच ओहोटी पावणेआठला येते, तृतीयेला साडेआठला, पंचमीला दहाला.

हा हिशोब मुंबईच्या बाजूला जास्त जुळतो. दक्षिणेला मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती-ओहोटी त्याच्या थोडी आधी होते. म्हणून तिथीचा उपयोग फक्त दिवस निवडायला करायचा, घड्याळ लावायला नाही.

माझी पसंती पौर्णिमा किंवा अमावस्येनंतरच्या द्वितीया-तृतीयेला. उधाणाचा जोर अजून असतो, ओहोटी सकाळी उजेडात येते आणि वारा पडलेला असतो. चतुर्थी चालते. पंचमीनंतर मी जात नाही. कॅलेंडरवर अशा तिथीला शनिवार-रविवार आला नाही, तर एक दिवस रजा टाका किंवा पुढच्या पंधरवड्यापर्यंत थांबा.

सावधान : पौर्णिमेच्या संध्याकाळची ओहोटी मोहात पाडते. पाणी खूप उतरलेलं असतं, सूर्यास्तही दिसतो. पण परत फिरताना अंधार आणि चढतं पाणी दोन्ही एकदम गाठतात. ती वेळ वाळूवर बसायला चांगली. गुहेत जायला नाही.

२. तक्ता वाचा, आणि योग्य बंदराचा वाचा

भरती-ओहोटीचे अधिकृत तक्ते भारतीय सर्वेक्षण विभाग काढतो. मोबाइलवरही ते सहज सापडतात. तक्ता उघडल्यावर तीन गोष्टी तपासायच्या.

पहिली, बंदर. टीव्हीवर "आज समुद्राला मोठी भरती" असं सांगतात ते बहुधा मुंबईचं असतं. मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, मालवण-गोव्याच्या बाजूला ती साधारण दोन-सव्वादोन मीटरची. त्यामुळं वेळही चुकते आणि उंचीही. रत्नागिरीला जाणार असाल तर रत्नागिरी, सिंधुदुर्गात जाणार असाल तर मालवण किंवा वेंगुर्ला बघा.

दुसरी, उंचीचा आकडा. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, एक जास्त उतरते. नुसती वेळ बघून निघालेले लोक अनेकदा कमी उतरणारी ओहोटी गाठतात. सिंधुदुर्गाच्या बाजूला तक्त्यात अर्धा मीटर किंवा त्याहून कमी आकडा असेल तरच मी गट नेतो. एक मीटरच्या आसपास असेल तर बेत रद्द.

तिसरी, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या भरतीची उंची. पाणी किती वेगानं परत येणार ते यावरून कळतं. समजा ओहोटी आणि पुढच्या भरतीत १.८ मीटरचा फरक आहे. हे पाणी सहा तासांत सारख्या वेगानं चढत नाही. त्याचे बारा हिस्से केले तर पहिल्या तासात एक हिस्सा येतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे पहिल्या तासात १५ सेंटिमीटर. माणूस म्हणतो, काहीच फरक नाही. दुसऱ्या तासात ३० सेंटिमीटरची भर पडते, तिसऱ्यात ४५. तीन तासांत ९० सेंटिमीटर, म्हणजे कंबरेला पाणी. वर लाटेची उंची वेगळी.

आपण कोल्हापूरकर पाण्याची पातळी वाचण्यात तसे तयार. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी घराघरात तोंडपाठ असते. पण पंचगंगा इंचाइंचानं चढते, सामान हलवायला वेळ देते. समुद्र तीन तासांत तीन फूट चढतो, तोही रोज दोनदा. नदीची सवय इथं उपयोगी पडत नाही. पोहण्याचीही नाही. रंकाळ्यात किंवा पंचगंगेच्या घाटावर पट्टीचा पोहणारा असला तरी गुहेत लाट त्याला उचलून खडकावर आपटते. तिथं हात मारायला जागा नसते.

३. हंगाम, लाट आणि वारा

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंतचा काळ उत्तम. मार्चपासून दुपारचा वारा वाढतो. मे अखेरीपासून गुहेचा विचारच नको. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीला बंदी असते, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी मंडळी दर्याला मान देतात. त्यानंतरही लाटा बसायला दीड-दोन महिने जातात.

ओहोटी कितीही खोल असली तरी लाट मोठी असेल तर ती कामाची नाही. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटांचा अंदाज आणि उंच लाटांचे इशारे रोज देते. आदल्या दिवशी आणि निघायच्या सकाळी, दोन्ही वेळा बघा. लाटेची उंची दीड मीटरच्या वर असेल तर मी जात नाही. उंची कमी पण दोन लाटांमधला काळ बारा सेकंदांपेक्षा जास्त असेल, तरीही नाही. अशी लाट दुरून आलेली असते, उघड्या समुद्रात दिसतसुद्धा नाही, पण अरुंद जागेत शिरली की दुप्पट उसळते.

तपासा : तिथी, आपल्या बंदराची वेळ, आकडा, लाट. चारपैकी एक जरी जुळत नसेल तर पुढं वाचू नका, दिवस बदला.

४. जागा ठरवा

गटाला घेऊन जायची गुहा अशी हवी की वाळूवरून किंवा सपाट खडकावरून वीस मिनिटांत पोहोचता येईल, आतला शेवट बाहेरून दिसेल, आणि वाटेत निदान एके ठिकाणी कोरड्या उंचवट्यावर चढता येईल. तीनपैकी एक नसेल तर ती गुहा होडीतून किंवा वरून बघायची.

रत्नागिरीच्या रत्नदुर्गाखालच्या कड्यातली गुहा याच जातीची. किल्ल्यावरून समुद्राकडं बघा, पण कडा उतरायचा प्रयत्न करू नका. गुहागर तालुक्यात हेदवीला बामणघळ आहे. खडकातल्या त्या चिंचोळ्या घळीत भरतीला पाणी शिरून उंच उडतं. ती भरतीलाच बघायची आणि लांबून बघायची. काठावर ओला खडक दिसला, की तिथवर लाट पोहोचते एवढं समजून मागं व्हायचं.

वेंगुर्ल्यासमोरच्या बेटांवरच्या गुहेत पाकोळी पक्ष्यांची घरटी आहेत. ती घरटी चोरून विकण्याचे प्रकार झाले आहेत. तिथं उतरायचं नाही, कुणी होडीवाला नेतो म्हणाला तरी नाही. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. शंख, प्रवाळ, जिवंत काहीही उचलू नका, लहान मुलांना आधीच सांगून ठेवा.

तुमच्या मुक्कामाच्या गावात अशी सोपी गुहा कुठली, हे तिथल्या घरमालकाला किंवा किनाऱ्यावर रापण (मोठं जाळं) ओढणाऱ्यांना विचारा. त्यांनी "थंय नको" म्हटलं तर पुढं वाद घालू नका.

५. वेळेचा हिशोब ओहोटीपासून मागं करा

इथं सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून उदाहरण घेऊ. तक्त्यात ओहोटी सकाळी ८ वाजता, ०.३ मीटर.

८.०० : परत फिरायची वेळ. ओहोटीचा क्षण म्हणजे आत शिरण्याची वेळ नव्हे, निघण्याची.
७.२० : गुहेच्या तोंडाशी.
७.०० : वाळू सोडून खडकावर. हिवाळ्यात उजाडतंही याच सुमारास.
६.३० : किनाऱ्यावर, फक्त बघत उभं राहायचं.
६.०० : मुक्कामावरून निघायचं.

म्हणजे आदल्या रात्री मुक्काम किनाऱ्याच्या गावातच हवा. कोल्हापुरातून शनिवारी दुपारी दीड-दोनला निघा. मालवणसाठी गगनबावडा आणि करूळ घाट, तो दरडीमुळं किंवा कामासाठी बंद असेल तर भुईबावडा किंवा राधानगरीवरून फोंडा. वेंगुर्ल्यासाठी आजऱ्यावरून आंबोली, रत्नागिरीसाठी आंबा घाट. घाट चालू आहे का हे सकाळीच विचारून ठेवा आणि तो उजेडात उतरा. एसटीनं जाणाऱ्यांनी मध्यवर्ती बसस्थानकावरून दुपारची गाडी धरावी. पहाटेच्या गाडीनं ही गुहा मिळत नाही.

सावधान : पोहोचायला तासभर उशीर झाला तर परत फिरायची वेळ पुढं ढकलू नका. ७.२० ऐवजी ८.२० ला तोंडाशी पोहोचलात, तर गुहा बाहेरून बघा आणि मागं फिरा.

६. सामान

कोल्हापुरी चपला गाडीतच ठेवा. चामड्याचा तळ ओल्या शेवाळ्यावर धरत नाही, आणि पाण्यानं चप्पलही जाते. अनवाणी तर मुळीच नको. पायाला घट्ट बसणारे, मागं पट्टा असलेले रबरी तळाचे सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट चांगले. अंगात पूर्ण पँट, हातात जाड सुती मोजे, कारण तोल गेला की हात खडकावरच्या कालवांवर पडतो.

प्रत्येकाकडं बॅटरी, तीही डोक्याला बांधायची, म्हणजे हात मोकळे राहतात. गटात पंधरा मीटर दोर आणि घट्ट झाकणाचा रिकामा पाच लिटरचा कॅन. पाण्यात पडलेल्याकडं तोच फेकायचा. शिट्टी, प्यायचं पाणी, जखमेवर बांधायला स्वच्छ कापड. ओहोटीची वेळ आणि परतीची वेळ कागदावर लिहून खिशात ठेवा. कड्याखाली मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, आणि ओल्या हातानं फोन काढणं म्हणजे तो समुद्रात टाकणं.

गटात सहाच्या वर माणसं नकोत. आठ वर्षांखालची मुलं, गुडघ्याचा त्रास असलेली माणसं आणि दारू प्यायलेला कुणीही वाळूवरच थांबेल, हे कोल्हापुरातच ठरवून निघा. किनाऱ्यावर हा विषय काढला की भांडण होतं आणि शेवटी सगळेच आत जातात.

७. किनाऱ्यावरचा पहिला अर्धा तास

साडेसहाला पोहोचल्यावर खडकाकडं धावू नका. ओहोटीच्या वेळी खडकावर कालवं काढणाऱ्या बायका दिसतील. त्यांच्याशी बोला. "काकी, सुकती किती वेळ आहे अजून?" एवढं विचारलं तरी पुरे. सुकती म्हणजे ओहोटी. त्यांना त्या दिवसाचं पाणी तक्त्यापेक्षा चांगलं कळतं. त्या आवरून निघाल्या की आपणही निघायचं, घड्याळ काहीही म्हणो.

मग वीस मिनिटं नुसता समुद्र बघा. लाटा सारख्या येत नाहीत. लहान लहान येत राहतात आणि मध्येच तीन-चार मोठ्या लागोपाठ येतात. पाच मिनिटं बघून निघालेल्याला त्या मोठ्या दिसलेल्याच नसतात. मोठ्यातल्या मोठ्या लाटेचं पाणी गुहेच्या तोंडापर्यंत पोहोचत असेल, तर आज जायचं नाही.

याच वेळात सुटकेची जागा नक्की करा. खडकाचा रंग बघा. खाली हिरवं शेवाळं, त्यावर पांढरट कालवांचा पट्टा, त्याच्या वर काळसर पट्टा आणि त्याही वर कोरडा, मूळ रंगाचा खडक. भरतीचं पाणी आणि शिंतोडे काळ्या पट्ट्यापर्यंत येतात. सुटकेची जागा त्याच्या वर हवी. ती सगळ्यांना बोटानं दाखवा आणि प्रत्येकाकडून "दिसली" असं ऐकून घ्या.

तपासा : पाण्याच्या काठावरचा एक ठळक दगड खूण म्हणून धरा. दहा मिनिटांनी तो जास्त उघडा पडला असेल तर पाणी अजून उतरतंय. बुडाला असेल तर भरती लागली, आणि तक्ता काहीही म्हणत असला तरी आजचा बेत संपला.

८. खडकावरून गुहेपर्यंत

हिरव्यावर पाय टाकू नका, खरखरीत पांढऱ्या पट्ट्यावर टाका. समुद्राकडं पाठ करू नका, फोटोसाठीही नाही. घळ ओलांडताना एकानं उभं राहून लाट बघायची, बाकीच्यांनी एकेक करून जायचं.

गुहेच्या तोंडाशी थांबून वर बघा. कोकणात कड्याच्या माथ्यावर बऱ्याच ठिकाणी जांभा असतो, आणि खालचा खडक लाटांनी पोखरला की वरचे चिरे सुटतात. पायाशी ताज्या रंगाचे, कडा न झिजलेले दगड पडलेले असतील, तर ते नुकतेच आलेत. त्या तोंडातून आत जाऊ नका.

नंतर ऐका. आतून 'धप्प' असा दबका आवाज आणि वाऱ्याचा फुत्कार येत असेल, तर लाट आत खोल कुठंतरी पोहोचते आहे आणि हवा दाबून बाहेर ढकलते आहे. गुहेत शिरलेल्या पाण्याला पसरायला जागा नसते, ते वर चढतं. बाहेर घोट्याएवढी असलेली लाट आत छातीपर्यंत येऊ शकते. आवाज ऐकू आला की तिथूनच मागं.

दोघांनी बाहेर थांबायचं, एक समुद्र बघायला, एक घड्याळ बघायला. बाकीच्यांनी जोडीजोडीनं आत. तोंडाचा उजेड दिसतो तेवढंच आत जायचं, वळणापलीकडं नाही. आतल्या भिंतीवर ओलाव्याची रेघ कुठवर आहे ते बघा. छतापर्यंत ओलं असेल तर भरतीला ही गुहा पूर्ण भरते, तिथं पाच मिनिटांच्या वर थांबायचं नाही. वटवाघळं किंवा पाकोळ्या असतील तर बॅटरी खाली वळवा, आवाज करू नका आणि निघा.

एक मोठी शिट्टी म्हणजे "लगेच बाहेर". त्यावर "आलो, एक फोटो" हे उत्तर चालत नाही. माझ्या मावसभावाच्या वेळी आमचा पाऊण तास असाच गेला होता, एकेका फोटोनं.

९. परत फिरणं

८.०० म्हणजे ८.००. जाताना वीस मिनिटं लागली तर येताना तीस धरा. पाय दमलेले असतात आणि आता पाणी चढणीला लागलेलं असतं. सगळ्यात सावकाश चालणाऱ्याला पुढं ठेवा, अनुभवी माणूस शेवटी. वाळूवर पोहोचल्यावर डोकी मोजा. मोजणी पूर्ण झाल्याशिवाय चहाला कुणी जाऊ नये.

१०. वाट अडलीच तर

पाणी गुडघ्याखाली आहे आणि लाटांमध्ये उसंत मिळते आहे, तर हातात हात धरून लगेच निघा. पाणी गुडघ्याच्या वर असेल आणि लाट ढकलत असेल, तर पलीकडं जायचा प्रयत्न सोडा. काळ्या पट्ट्याच्या वर चढा, एकत्र बसा आणि मदत मागा. ११२, किंवा तटरक्षक दलाचा १५५४. रेंज नसेल तर तीन-तीन शिट्ट्या, वरचेवर. भरती चढून पाणी पुन्हा वाट देईपर्यंत आठ-दहा तास जाऊ शकतात. ते कंटाळवाणे आहेत, पण त्यात माणूस दगावत नाही. घाई करून लाटेत उतरलेला दगावतो.

कुणी पाण्यात पडलंच, तर त्याच्यामागं उडी मारू नका. कॅनला दोर बांधून फेका. पडलेल्यानं पाठीवर तरंगायचं, पाय खडकाकडं ठेवायचे, म्हणजे आपटलं तर आधी पाय लागतील. जोरात पोहून काठाकडं यायची धडपड करायची नाही, खडकापासून थोडं लांब राहून दोराची वाट बघायची.

कालवांनी कापलं तर जखम भरपूर स्वच्छ पाण्यानं धुवा, आतले बारीक तुकडे निघतील असं बघा, दाबून बांधा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडं जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. ही जखम दिसते लहान आणि पिकते लवकर. मावसभावाची कोल्हापुरात येईपर्यंत सुजली होती. रक्त थांबत नसेल किंवा डोक्याला मार असेल तर १०८.

नऊच्या सुमारास तुम्ही मुक्कामावर असाल. बूट गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, दोर धुऊन वाळत घाला. आणि वहीत तीन नोंदी करा : तक्त्यातली ओहोटीची वेळ, खुणेचा दगड प्रत्यक्षात पुन्हा बुडायला लागला ती वेळ, आणि त्या दिवशीची तिथी. दोन-तीन खेपांत त्या गावचा फरक किती मिनिटांचा ते तुमच्या हातात येईल. जेवून दुपारी दोनपर्यंत गाडी काढली, तर घाट उजेडात चढून होतो.